तीन पेडांची दोरी

परवा पेडण्याहून माझा भाचा आला. एरवी हा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एका उडीत खातो. या वेळी मात्र कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत वर आला. पिशवी टाकली, चड्डी गुडघ्याच्या वर ओढली आणि म्हणाला, "मामा, हे बघ. माझं हाड वाढलंय."

खरंच की! गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर सुपारीएवढं टेंगूळ. मी नुसतं बोट टेकवलं तर "आई गं!"

"पडलास कुठे?"

"नाही."

"कोणी लाथ घातली?"

"नाही रे मामा. आपोआप आलं."

आपोआप काही येत नसतं, म्हणून मी चौकशीला बसलो. वय वर्षं तेरा. सोमवार ते शुक्रवार शाळेच्या फुटबॉल संघाचा सराव, रोज दोन तास. शनिवारी गावातल्या क्लबात तीन तास. रविवारी सरद भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात सामना, तो उजेड संपेपर्यंत, म्हणजे चार तास तरी.

"मग सुट्टीचा दिवस कोणता?"

त्याने छताकडे बघत बराच विचार केला. "चवथ," म्हणाला.

तर दोस्तांनो, आज त्या टेंगळाची गोष्ट. पण तिथवर पोचायला आपल्याला एका दोरीवरून चालत जावं लागेल. घाबरू नका, दोरी तुमच्याच अंगात आहे.

डावा हात पुढे करा, तळवा वर. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक जुळवा आणि मनगट जरासं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध तंबोऱ्याच्या तारेसारखं काहीतरी ताठ वर आलं? ती दोरी. नाही आली? मग उजव्या हातावर बघा. तिथेही नसेल तर तुमच्याकडे ती जन्मापासूनच नाही! काही बिघडत नाही. तिच्यावाचूनही मूठ तेवढीच घट्ट वळते. म्हणूनच शरीरात दुसरीकडे कुठे दोरी तुटली, तर शल्यचिकित्सक कधीकधी हीच काढून तिकडे जोडतात. देवाने गाडीबरोबर जादा चाक द्यावं तसं.

आता उजव्या हाताने डावा हात कोपराखाली धरा आणि डाव्या हाताची बोटं तबल्यावर चालवल्यासारखी नाचवा. हलतायत बोटं, पण वळवळ कुठे लागतेय? कोपरापाशी! बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच मुळी. ते बसलेले असतात कोपराजवळ आणि तिथून लांबलचक दोऱ्या ओढून बोटं नाचवतात. पेडण्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून कुडाळच्या दिशेने गेलात की पिंगुळी लागतं. तिथले ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात ना, अगदी तसं. बाहुली खाली, सूत्र वर.

या दोरीचं शास्त्रातलं नाव कंडरा. घरात मात्र तिला कोणी कंडरा म्हणत नाही. घरात सगळ्याची एकच शीर! रक्ताची नळी, तीही शीर. मेंदूकडून निरोप नेणारा तंतू, तोही शीर. पाय मुरगळला तर "शिरेवर शीर चढली". आजीचा हा शब्दकोश मला फार आवडतो, पण आज आपण जरा नेमकं बोलू. स्नायू म्हणजे मांस. ते लाल असतं आणि आकसतं. त्याला हाडाशी बांधते ती कंडरा, पांढरी आणि चिवट. कोंबडीची तंगडी खाताना घोट्याजवळ दाताला दाद न देणारी जी वादी लागते, तीच ही.

दोरी म्हटलं की ती वळली कशी, हा प्रश्न आलाच. नारळाच्या काथ्याचा सुंभ वळताना कधी बघितलंय? एकेक पेड एका दिशेला पिळतात आणि सगळे पेड एकत्र वळताना पीळ उलट्या दिशेला देतात. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून हात सोडला तरी दोरी उलगडत नाही. (पेडणेकरांनो, तुमच्या तालुक्याच्या नावातही 'पेड' आहे बरं का! नाव तिथून आलंय असं मी म्हणत नाही, उगाच गंमत.)

आता मद्रासला चला. साल १९५२. गो. ना. रामचंद्रन नावाचे तीस वर्षांचे तरुण शास्त्रज्ञ तिथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. त्यांना भेटायला बर्नाल नावाचे मोठे ब्रिटिश शास्त्रज्ञ आले आणि बोलता बोलता म्हणाले, की कोलॅजनची रचना अजून कोणाला नीट उलगडलेली नाही. कोलॅजन म्हणजे आपल्या अंगातलं सर्वांत मुबलक प्रथिन. कातडीत ते, हाडात ते आणि कंडरा तर जवळजवळ त्याचीच बनलेली. रामचंद्रन यांनी हे कोडं हातात घेतलं. क्ष-किरणांनी तपासायला चांगला नमुना हवा होता. तो मिळाला कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा, थेट ऑस्ट्रेलियातून! सहकारी गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर त्यांनी १९५४ आणि १९५५ मध्ये उत्तर मांडलं: कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांची वळलेली दोरी.

आणि कशी वळलेली? प्रत्येक साखळीचा स्वतःचा पीळ डावा, तिन्ही मिळून घेतलेला पीळ उजवा. म्हणजे सुंभाचीच युक्ती! फक्त हा सुंभ इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. आतल्या बाजूला जागा एवढी कमी, की तिथे सगळ्यांत छोटा मणीच मावतो, म्हणून साखळीतला दर तिसरा मणी ग्लायसीन नावाचा, आकाराने सर्वांत लहान असतो. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही. माणसाला दोरी वळायचं सुचलं त्याच्या कितीतरी आधी ती त्याच्या टाचेत वळून तयार होती.

टाच म्हटल्यावर अंगातली सर्वांत जाड आणि बळकट दोरी आलीच. पोटरीपासून टाचेपर्यंत उतरते ती, मोठ्या माणसात साधारण १५ सेंटीमीटर लांब. चवड्यांवर उभे राहा आणि मागून चिमटीत धरा; सळई वाटेल. ग्रीक लोकांच्या गोष्टीतला अकिलीस हा वीर टाचेत बाण लागून मेला, म्हणून जगभर तिला त्याचं नाव आहे. आपल्या महाभारतात नाही का, दुर्योधनाचं सगळं अंग वज्राचं आणि मांडी तेवढी कच्ची? तशातलाच प्रकार. पण अकिलीसवर माझा आक्षेप आहे. त्याने कच्च्या जागेला नाव दिलं, आणि दोरी तर भलतीच पक्की! धावताना तिच्यावर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. चाळीस किलोचा मुलगा धावला तर प्रत्येक पावलाला अडीचशे-तीनशे किलो, म्हणजे तांदळाच्या पन्नास किलोंच्या पाच-सहा गोण्या. त्याही एकाच टाचेवर.

शिवाय ती नुसती ओढत नाही, बेचकीच्या रबरासारखी ताणून शक्ती साठवते आणि उडीच्या वेळी परत देते. यातला उस्ताद पुन्हा कांगारूच. १९७३ साली डॉसन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी कांगारूंना चक्क चालत्या पट्ट्यावर उड्या मारायला लावलं. वेग वाढवत नेला तरी कांगारूंना लागणारा प्राणवायू वाढेना. पेट्रोल न वाढवता स्कूटर पळवावी तसं! बरंचसं काम दोऱ्याच करत होत्या.

"मामा," भाच्याने जांभई दिली, "टेंगळाचं काय?"

आलोच. तुमच्या घरी नसेल तर शेजारी कोणाकडे तरी गाय असेल. तिला दाव्याने खुंटीला बांधतात. गायीने हिसडा मारला तर काय होतं? दावं जुनं असेल तर दावं तुटतं. पण दावं नवंकोरं आणि खुंटी नुकतीच ओल्या मातीत ठोकलेली असेल तर? दाव्याला काही होत नाही, खुंटी हलते.

मोठ्या माणसाची खुंटी म्हणजे घट्ट हाड. त्याने अति ताण दिला तर बहुधा दोरीचेच धागे विसकटतात. तुमचं उलट आहे. तुमची दोरी चांगली दणकट, पण ती जिथे हाडाला बांधलेली आहे तिथली जागा अजून मऊ कूर्चेची आहे. तिचं हाड व्हायचंय. मांडीचा अवाढव्य स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येणाऱ्या दोरीने नडगीचं हाड ओढतो. प्रत्येक उडीला, प्रत्येक वेगाच्या धावेला, चेंडूला मारलेल्या प्रत्येक लाथेला एक हिसडा. खुंटी दुखावते. शरीर तिथे डागडुजी करतं, नवं हाड भरतं. झालं टेंगूळ!

१९०३ साली बोस्टनच्या रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकच्या कार्ल श्लाटर या दोन डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता, याचं वर्णन लिहिलं. म्हणून याचं नाव ऑसगुड-श्लाटर. नाव ऐकून भाचा घाबरला. "दोन-दोन माणसांचा आजार?" नाव भारदस्त आहे, दुखणं तसं नाही. हाडाची वाढ पुरी झाली, खुंटी पक्की झाली, की बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. हेच टाचेला झालं तर त्याला सेव्हर नावाच्या डॉक्टरांचं नाव देतात, १९१२ पासून. तुमच्यापैकी कोणाची टाच खेळल्यावर दुखत असेल तर ती दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून बघा. कळ आली तर बहुधा तोच पाहुणा.

आणि हे नेमकं याच वयात का? कारण मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलगे चौदाव्याच्या आसपास एकदम उंच होतात; वर्षात आठ-दहा सेंटीमीटरसुद्धा. हाड पुढे धावतं. स्नायू आणि दोरी मागून धापा टाकत येतात. तेवढे दिवस सगळं नुसतं ताणलेलं. शिंप्याने गणवेश वाढत्या मापाने शिवावा, तशी दोरी काही शिवून मिळत नाही.

त्यात मैदानाचीही गंमत. डिचोली-साखळीकडे काय किंवा पेडण्याच्या सड्यांवर काय, आपली बरीच मैदानं जांभ्याच्या लाल मातीची. पावसाळ्यात चिखल, म्हणून पाय घसरतात; डिसेंबरात तीच माती फरशीसारखी टणक, म्हणून प्रत्येक उडीचा दणका थेट हाडात. मग मोरजी-हरमलच्या मऊ वाळूत पळावं म्हणता? तिथे टाच खाली रुतते, पोटरी आणि टाचेची दोरी जास्त ताणली जाते. वाळू वाईट नव्हे. पण आयुष्यात कधी वाळूत न पळालेला मुलगा पहिल्याच दिवशी तीन किलोमीटर पळाला, तर दुसऱ्या दिवशी त्याला अकिलीस आठवतो.

दोरीला खरा राग अचानकपणाचा. शिगम्यात डिचोलीची घोडेमोडणी बघितलीय? कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, पायांत घुंगरू आणि ढोल-ताशाच्या तालावर पावलं पुढे-मागे. मला ती प्राणापेक्षा प्रिय आहे. पण वर्षभर दुकानात बसणारे काका एकदम तेवढेच दिवस घोडा होतात आणि नंतर आठवडाभर पोटरीला तेल लावत बसतात, हेही मी बघत आलोय.

आता सर्वांत आश्चर्याची गोष्ट. ही मी भाच्याला मुद्दाम जेवताना सांगितली, म्हणजे तो उठून जाणार नाही.

१९५५ ते १९६३ या काळात बड्या देशांनी उघड्या हवेत अणुबॉम्बचे खूप स्फोट केले. त्यामुळे हवेत एका वेगळ्या कार्बनचं, कार्बन-१४चं, प्रमाण एकदम वाढलं आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरत गेलं. हवेतला कार्बन झाडांत, झाडांतला भातात, भातातला आपल्यात. म्हणजे अंगाचा कुठलाही तुकडा कधी बनला, याची तारीख त्याच्या कार्बनवर उमटलेली! डेन्मार्कच्या कात्या हाइनेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरण पावलेल्या माणसांच्या टाचेच्या कंडरा घेऊन ही तारीख वाचली. २०१३ साली त्यांनी जाहीर केलं: दोरीचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत बनतो. त्यानंतर तो जवळजवळ बदलतच नाही. सत्तर वर्षांचे आजोबा देवळाची पायरी चढतात, ती शाळेत असताना वळलेल्या दोरीवर.

भाच्याचा घास हातात राहिला. "म्हणजे मी आत्ता बनवतोय ती?"

"तीच."

"आणि बिघडवली तर?"

बिघडते ती अशी. जोरदार खेळ झाला की दोरीत दोन कामं एकाच वेळी सुरू होतात: जुने धागे मोडणं आणि नवे विणणं. पहिला दिवस-दीड दिवस मोडणं पुढे असतं, मग विणणं पुढे जातं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत दोरी आधीपेक्षा किंचित बरी होते. कंडरेत रक्त कमी फिरतं (म्हणून तर ती पांढरी), त्यामुळे तिथला कारागीर सावकाश हातांचा. त्याचं विणून होण्याआधी रोज नवा हिसडा दिला, तर वीण कायम उसवलेलीच राहणार. आणि लबाडी बघा: सुरुवातीला सकाळची पहिली पावलं तेवढी दुखतात, खेळायला लागलं की अंग गरम होऊन दुखणं गायब! मुलांना वाटतं, बरं झालं. रात्री ते परत येतं.

तुम्ही म्हणाल, सचिन तेंडुलकरने नव्हतं का लहानपणी एका उन्हाळी सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने खेळले? खेळले होते. हे उदाहरण पालक फार आवडीने सांगतात. त्याच सचिनची दुसरी गोष्ट कमी सांगतात. २००४ साली त्याचं कोपर दुखायला लागलं. मनगट उचलणारे स्नायू ज्या दोरीने कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात, ती दुखावली, टेनिस एल्बो. (टेनिसची रॅकेट जन्मात न बघितलेल्या माझ्या मावशीलाही आदोळीवर खोबरं किसून किसून हेच झालं होतं.) मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. महिनोन् महिने बॅट हातात धरता येईना. शेवटी ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि ९३ धावा काढल्या. पंचावन्न सामन्यांमुळे कोपर गेलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण जगातल्या उत्तम डॉक्टरांपर्यंत पोचणाऱ्या माणसालाही दोरीने एवढी वाट बघायला लावली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या मुलाने, अर्जुनने, आपल्या पर्वरीच्या मैदानावर गोव्याकडून पहिल्याच रणजी सामन्यात शतक ठोकलं, तेव्हा मात्र मी घरातल्या घरात दोन उड्या मारल्या. माझ्या टाचेने त्याही मोजल्या.

अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू फेकू देत नाहीत. कोणीतरी वही घेऊन मोजत बसतं. आपल्याकडे गोल मोजतात, धावा मोजतात, लाथा आणि उड्या कोण मोजतो? तिथल्या क्रीडावैद्यांचा एक सोपा हिशेबही आहे: जितकी वर्षं वय, तितकेच तास आठवड्याला ठरवून खेळायचा खेळ, त्याहून जास्त नाही, आणि एक-दोन दिवस सुट्टी. भाच्याने बोटांवर मोजलं. दहा, तीन आणि चार. सतरा तास, वय तेरा.

"मग मी सतरा वर्षांचा होईपर्यंत थांबू?"

थांबायचं नाहीच, तीच तर मेख. नुसतं झोपून राहिलं तर दोरी सुस्तावते. स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन या डॉक्टरांचा किस्सा ऐका. त्यांची टाचेची दोरी सारखी दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हणाले, तर त्यांचे वरिष्ठ म्हणाले, तू रजेवर गेलास तर काम कोण करणार? वैतागून त्यांनी ठरवलं, दोरी तुटेपर्यंत ताणतो, मग तर कापाल! पायरीवर चवडे टेकवून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम त्यांनी दिवसामागून दिवस केला. दोरी तुटली नाही, बरी झाली! १९९८ साली पंधरा धावपटूंवर हाच व्यायाम बारा आठवडे करून त्यांनी निबंध लिहिला, आणि आज जगभर तो शिकवतात. पण ते मोठ्यांच्या दोरीचं. तुमची खुंटी ओली आहे, तेव्हा पायरीवर चढून प्रयोग नकोत. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढंच.

आमचे डॉक्टर भाच्याला म्हणाले, उड्या आणि वेगाच्या धावा काही आठवडे कमी, आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी, मांडीचे ताणायचे आणि बळकटीचे व्यायाम रोज, बाकी पोहायला मोकळीक. लंगडत असलास तर त्या दिवशी मैदान बंद. सूज आली, ताप आला, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखलं किंवा पाय टेकवेना, तर लगेच दाखवायला ये. आजीने वर खोबरेल तेल चोळलं. तेलाने खुंटी पक्की होत नाही, पण आजीच्या हाताला नाही म्हणायची माझी छाती नाही.

रात्री त्याने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने स्वतःच्या उंचीची खूण केली. दर महिन्याला करणार म्हणे. मग माझ्याकडे वळला. "मामा, तुला कसं एवढं माहीत?"

मी लुंगी वर घेतली. डाव्या गुडघ्याखाली, वाटीपासून दोन बोटांवर, सुपारीएवढं टेंगूळ. तेराव्या वर्षी आलेलं. त्याने आधी घाबरत, मग जोरात दाबून बघितलं.

"दुखत नाही?"

"नाही. जमिनीवर गुडघे टेकले तर तेवढं टोचतं."

"आणि त्या वर्षी गोल किती मारलेस?"

"एक."

"फक्त एक?"

"तोही आमच्याच जाळ्यात."